कोरी ठेवलेली ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक महोदय, वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आमच्या परदेशी पत्रव्यवहार विभागाचे व्यवस्थापक, जे आजपासून लेखकही झाले, समोर बसलेले माझे सहकारी, आणि पहिल्या रांगेत काठी धरून बसलेली माझी आई. सगळ्यांना नमस्कार.

निवृत्तीच्या सत्काराला दोन शब्दांत उत्तर द्यायचं असतं. पण एकतीस वर्षं मी इथं दुसऱ्यांच्या सहीची पत्रं लिहिली. तेव्हा आज दोनाचे चार शब्द झाले तर अध्यक्षांनी घड्याळाकडे बघू नये, ही विनंती.

मघाशी पाहुण्यांनी मला विभागाचा कणा म्हटलं. मी त्यांची आभारी आहे. कणा पाठीमागे असतो, कुणाला दिसत नाही आणि त्याला बढती मिळत नाही, तेव्हा उपमा अगदी चपखल आहे. व्यवस्थापक साहेबांनी मला घड्याळ दिलं, फुलं दिली आणि स्वतःचं नवं पुस्तक दिलं. इंग्रजी क्रियापदापुढे कोणता छोटा शब्द लावावा, याचं हे पुस्तक. पहिल्या पानावर लिहिलंय, 'बाईंना सप्रेम भेट, लेखकाकडून'. अशी भेट किती जणांच्या नशिबी येते, सांगा बरं?

नव्या मुलामुलींसाठी थोडं मागचं सांगते. मराठीत आपण 'वर', 'ची', 'साठी' हे विचार न करता बोलून जातो. इंग्रजीत क्रियापद लिहिलं की हात अडतो. ऑन की ऑफ? टू की फॉर? नोकरीला लागले त्याच महिन्यात मी एका परदेशी गिऱ्हाइकाला लिहिलं की आम्ही तुमच्या उत्तराची वाट पाहत आहोत. उत्तराची, म्हणून मी आपलं 'वेटिंग ऑफ' ठोकून दिलं. तेव्हाच्या हेडक्लार्कनी ते पत्र उभ्याउभ्या सगळ्या खोलीला वाचून दाखवलं. खोली हसली. मीही हसले, कारण नोकरी कच्ची होती. जेवणाच्या सुट्टीत खाली गेले आणि निळ्या पुठ्ठ्याची वही विकत आणली.

ती ही वही. मागं बसलेल्यांना दिसत नसेल, पुठ्ठा आता निळा राहिलेला नाही.

डावीकडे क्रियापद, उजवीकडे त्याचा छोटा शब्द. पण नुसतं पाठ होईना. मग मी प्रत्येकाखाली एक वाक्य लिहायला लागले, घरातलं आणि खरं. पुस्तकातल्या वाक्यातला माणूस दुसऱ्या दिवशी विसरतो, घरातला विसरत नाही. 'डिपेंड ऑन' म्हणजे आई माझ्यावर अवलंबून आहे. 'पार्ट विथ' म्हणजे माझ्या टायपिंगच्या क्लाससाठी आईनं शिलाई मशीन देऊन टाकलं. घरात जे जे घडलं ते वहीत गेलं, आणि माझं पुन्हा कधी चुकलं नाही. जे खरं घडलं नाही, त्याची ओळ मी कोरी ठेवली.

आता साहेबांविषयी. अकरा वर्षांपूर्वी साहेब आमच्याकडे नवे अधिकारी म्हणून आले. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुमची ती वही द्या ना जरा. दोन दिवसांत परत करतो." वही आठ महिन्यांनी परत आली, आतल्या पानावर कपाचा गोल डाग घेऊन. शिकतोय बिचारा, म्हटलं शिकू दे.

पुढं अधिकारीपदाची एक जागा निघाली. मी अर्ज केला. मुलाखत घ्यायला साहेबच होते. माझ्या नावापुढे शेरा पडला, 'इंग्रजीवर पुरेसं प्रभुत्व नाही'. तो शेरा इंग्रजीत होता आणि त्यात दोन चुका होत्या. बाकीच्या कागदांसारखा तोही तपासायला माझ्याच टेबलावर आला. मी तो दुरुस्त करून वर पाठवला.

असो. सोहळ्याच्या दिवशी जुनं उगाळू नये म्हणतात. पण हे तीन आठवड्यांपूर्वीचंच आहे. माझ्या टेबलावर या पुस्तकाची प्रुफं आली, वर चिठ्ठी, 'बाई, एकदा नजर टाका'. मी नजर टाकली आणि तशीच उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, हे तर माझ्या वहीतलं आहे."

"व्याकरण काय कुणाच्या मालकीचं असतं, बाई?"

"व्याकरण नसतं. पण वाक्यं?"

"उदाहरणं हो ती. उदाहरणं कुठूनही घेतात. आता जाता जाता मनाला लावून घेऊ नका."

मागच्या वर्षी साहेबांनी शिकाऊ उमेदवारांसाठी म्हणून वहीची झेरॉक्स नेली होती, तिचं हे झालं. मी जागेवर आले आणि प्रुफं तपासली. छपाईच्या त्रेचाळीस चुका काढल्या. एका वाक्याला मात्र हात लावला नाही. अध्यक्ष महोदय, आपल्यासमोर प्रत आहे, पान बावीस उघडावं. 'बॉरो फ्रॉम'. 'नव्या अधिकाऱ्यानं माझ्याकडून ही वही नेली आणि आठ महिन्यांनी परत केली.' वाक्य बिनचूक आहे, म्हणून राहू दिलं. मागं कुणीतरी हसतंय. हसा, या खोलीला हसायची सवय आहे. साहेबांनी आपलं पुस्तक एकदा वाचलं असतं, तर हे वाक्य तिथं राहिलं नसतं. मघाशी आपण म्हणालात, साहेब, की यामागे अकरा वर्षांची तपश्चर्या आहे. तपश्चर्या करणाऱ्यानं निदान डोळे तरी उघडायचे.

इथपर्यंत मी गप्प बसले असते. एकतीस वर्षं बसले, आणखी एक संध्याकाळ काय जड होती? पण मघाशी आई ते पुस्तक मांडीवर घेऊन मला म्हणाली, "छान छापलंय गं. काय लिहिलंय यात?" मी म्हटलं, "कामाचं आहे." तिला इंग्रजी येत नाही.

आई, आता सांगते. एकसष्टाव्या पानावर आपली धाकटी आहे. 'वेट फॉर'. 'माझी बहीण तिच्या निकालाची वाट पाहते आहे.' सदुसष्टाव्या पानावर ती काविळीनं गेली. 'डाय ऑफ'. मध्ये पाच पानं आहेत. ती गेल्यावर तिचा निकाल लागला तेव्हा पेढे सोड, कुणी तिचं नावसुद्धा घेतलं नाही घरात. साहेब, आपण एकुलते एक आहात, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. मग पान सदुसष्टवर गेली ती कुणाची बहीण?

दुःख जुनं आहे. राग नवा आहे आणि तो मी लपवणार नाही. अध्यक्ष महोदय, पुस्तक कंपनीच्या वतीनं निघालंय म्हणून आपल्याला सांगते. एक तर माझ्या घरची माणसं यातून बाहेर काढा, नाहीतर वर माझं नाव घाला.

आता आवरते. एक ओळ साहेबांनी खरोखर स्वतः लिहिली आहे, ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं. 'अपॉलजाइज टू', म्हणजे एखाद्याची माफी मागणं. माझ्या वहीत त्याखालची ओळ कोरी आहे, कारण इथं कुणी माझी माफी मागितल्याचं घडलंच नाही. पुस्तकात कोरी जागा बरी दिसत नसावी. साहेबांनी वाक्य घातलं, 'कर्मचाऱ्यानं साहेबांची माफी मागितली.'

समारंभाची तयारी करणाऱ्यांचे, माझी पत्रं वेळेत पोस्टात टाकणाऱ्या शिपाईदादांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल, तर अध्यक्ष, पाहुणे आणि सहकारी, तुमची क्षमा मागते. साहेबांची मागत नाही. साहेब, वही त्या पानावर उघडून आपल्यासमोर ठेवते आहे, शेजारी पेन आहे. वाक्य खरं असावं, एवढीच अट. मराठीत लिहिलंत तरी चालेल. मी खाली आईशेजारी बसून वाट पाहते.