आईचं अकरावं प्रकरण

आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं, पण मी ते लग्नाकार्यापुरतंच पाहिलंय, माझा जन्म विश्रांतवाडीतला, आणि तेव्हा इथं सगळी शेतं होती असं मी म्हटलं की आमची सुजाता, माझी मुलगी, म्हणते झालं आईचं सुरू. वडील मी चार वर्षांची असताना गेले. आईनं बांधकामावर विटा वाहिल्या, डोक्यावर, उन्हातान्हात, आणि मला शिकवलं. ती स्वतः निरक्षर. पगाराला अंगठा लावून यायची आणि तो अंगठा घरी येऊन साबणानं घासायची, मला आठवतंय.

मॅट्रिक झाल्यावर काही वर्षांनी मी टेलिफोन खात्यात लागले, ट्रंक ऑपरेटर. तुम्हाला ट्रंक कॉल कुठले आठवायला. परगावी बोलायचं तर आधी आमच्याकडे कॉल नोंदवायचा, आम्ही तिकिटावर नंबर लिहायचा आणि जोडून द्यायचा, सोलापूर बोला, तीन मिनिटं झाली, वाढवायची का. लोकांचं ऐकायचं नाही असा नियम होता, पण कान कुठं काढून ठेवणार. कोण रडतंय, कोण खोटं बोलतंय, सगळं कळायचं. मग कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीची पिवळी बूथं आली, मग मोबाइल आले, आणि आमचा कॉल जोडायचा बोर्ड मुकाच झाला म्हणा ना. आठ तास बसायचं आणि कॉल येणार चार. तेव्हा मी त्या तिकिटांच्या कोऱ्या पाठीवर लिहायला लागले. काय लिहितेय ते मला तरी कुठं ठाऊक होतं. आईचं लिहीत होते.

तीन वर्षं लिहिलं. काय सांगू तुम्हाला, ती कादंबरी संपेचना. आई जिवंत, रोज नवीन काहीतरी बोलायची, ते घालावंसं वाटायचं. शेवटी मी अकराव्या प्रकरणात तिला मारलं. खरं सांगते, नुसती संपवायची म्हणून नाही. आई गेली तर मी काय करीन याची मला लहानपणापासून भीती, वडील गेले तेव्हापासूनची, तेव्हा म्हटलं एकदा कागदावर होऊन जाऊ दे. लिहिताना बोर्डापुढं बसून रडले, शेजारची म्हणाली काय गं, कुणाचा कॉल होता.

एका प्रकाशकानं वर्षभर ठेवून घेतली आणि परत दिली, म्हणाले भाषा फार घरगुती आहे बाई. मी म्हटलं घरातलीच आहे. मग सुजाता पेटली. ती तेव्हा नुकतीच आयटी कंपनीत लागली होती, सकाळी बस यायची न्यायला, गळ्यात ते कार्ड. म्हणाली आई, आपणच काढू, हल्ली करतात लोक. रविवारी रविवारी तिनं कॉम्प्युटरवर सगळं टाइप केलं, मी शेजारी बसून वेलांट्या सांगायचे. पाचशे प्रती छापल्या, नाव डोईवर आठ विटा. गठ्ठे आले ते आईच्या कॉटखाली लावले, दुसरीकडे जागाच नव्हती. आई म्हणायची मी पुस्तकावर झोपती. येवढं वाचलं असतं तर शिकली असती मी.

पण पुस्तक छापणं सोपं हो, खपवणं कठीण. सदाशिव पेठेत एका दुकानात गेले, मालकानं पुस्तक उलटं धरून मागची बाजू बघितली, म्हणाले कशावर आहे? म्हटलं आईवर. म्हणाले आई सगळ्यांनाच असते. तरी दहा ठेवून घेतली, खपली तर बघू म्हणाले. सुजातानं ऑफिसात सगळ्यांना ईमेल पाठवला, तिकडे अमेरिकेतून एका मुलानं कळवलं की मागवीन म्हणून, तो अजून मागवतोय.

आता आमच्या बुद्धविहारात पावसाळ्याचे तीन महिने वर्षावासाचं वाचन असतं. संध्याकाळी बाया पांढरी साडी नेसून जमतात, मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची, आणि आमच्या वस्तीतल्या सरोजताई धम्माचा ग्रंथ वाचतात, रोज थोडा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एक ओळ गाळायची नाही. त्या वर्षी वाचन संपलं तरी बायांना करमेना, तेव्हा सरोजताई म्हणाल्या आता आपल्या विमलचं पुस्तक वाचू. सुजाता म्हणाली आई, यापेक्षा चांगली जाहिरात नाही. मी पण खूश, हुरळून गेले म्हणा ना. आणि घरी आल्यावर एकदम आठवलं. अकरावं प्रकरण. आईला मी सांगितलंच नव्हतं.

आई तर पहिल्या दिवसापासून पुढं जाऊन बसली. माझ्या पुस्तकालाही बायांनी मेणबत्ती लावली, सवयच ती. सरोजताईंनी वाचलं, तिच्या डोक्यावर आठ विटा, आणि आई मध्येच म्हणाली, आठ न्हाई, धा. धा वाहिल्यात म्या. बाया हसल्या. मग रोजच तिचं चालू, मुकादम एवढा चांगला नव्हता, लुगडं हिरवं होतं. तिचा चेहरा असा उजळायचा, जन्मात पहिल्यांदा कुणी तिचं ऐकत बसलं होतं. आणि मी मागं बसून प्रकरणं मोजत होते.

दहावं झालं त्या दिवशी मी सरोजताईंना बाजूला घेतलं, म्हटलं अकरावं सोडा, बारावं घ्या. त्या म्हणाल्या, असं कसं, वाचायला बसलं की गाळायचं नाही. म्हटलं ताई, तो ग्रंथ, ही माझी साधी कादंबरी. तर म्हणाल्या, मेणबत्ती लावलीय ना विमल.

मी आईला म्हटलं आज पाय दुखतोय ना, नको जाऊस. ती माझ्या आधी चप्पल घालून उभी.

वाचलं त्यांनी. सगळं. पहाटे आई जाते, मुलगी उशाशी बसून राहते, उजाडतं, पाण्याचा नळ येतो, मुलगी उठत नाही. एक बाई पदर तोंडाला लावून रडत होती. आई घरी येऊन कॉटवर बसली. मी म्हटलं आई, चुकलं माझं. ती म्हणाली, त्यात काय चुकलं, मानूस जानारच. पन सोताला एकटीला का बसवलंस? एवढं उजाडलं, नळ आला, कुनी चहा सुदिक दिला न्हाई पोरीला. आपल्या वस्तीत असं हुतं व्हय?

ती मेल्याचं तिला काही नव्हतं. माझ्या चहाचं होतं.

म्हणाली, लिव आता. शेजारनीनं चहा आनला, तिनं पिला. मी म्हटलं आई, छापून झालंय. तर म्हणाली, मग पेनानं लिव, पुस्तक तुझंच हाय ना. ते मात्र खरं होतं, लेखक मी, प्रकाशक मी, कुणाला विचारायचं होतं. कॉटखालचे गठ्ठे बाहेर काढले. ती एकेक पुस्तक मी घातलेल्या खुणेच्या कागदावर उघडून दाबून धरायची, मी लिहायचे, ती शाई वाळेपर्यंत फुंकायची. विकलेली पण बायांनी परत आणून ओळ लिहून नेली. पेठेतले मालक म्हणाले, बाई, हे पुस्तक आहे, गणिताची वही नाही. पण त्यांच्याकडच्या दहाही प्रतीत लिहू दिलं.

गेली आई, पाच वर्षं झाली. पहाटेच गेली, आणि खरंच सांगते, मी तशीच उशाशी बसले, मला उठता येईना. आणि तीन घरांतून तीन कप चहा आला. मागे-पुढे, एकमेकींना न विचारता. सरोजताई म्हणाल्या, विमल, पी. मी पिले हो. तिन्ही पिले.