पंखा तितकाच फिरते

—नाही नाही, बसा तुम्ही, अश्विनभाऊ, उभ्यानं नका सांगू. पुन्हा सांगा एकदा. सोनिकाले त्या इंग्लिश शाळेत नाही पाठवत? लॉटरीत नंबर लागला, मेसेज आला, आज ॲडमिशनचा शेवटचा दिवस—अन् तुम्ही कळमन्याच्या बाजारातलं काम सोडून मले सांगाले आले, का पोरगी इथंच ठेवतो? पहिलीत? आमच्या मनपाच्या शाळेत? थांबा, कूलर लावते. हां. आता बोला. नाही, राहू द्या, मीच बोलते, तुम्ही उन्हातून आले.

मले आनंदच झाला, खोटं काहून बोलू. यंदा त्या आरटीईचे—गरिबाच्या लेकरायले खाजगी शाळेत फुकट जागा, ते—अख्ख्या गल्लीचे फॉर्म मीच भरले. आमचे हे म्हणतात, दामिनी, हेडमास्तरीण होऊन तू आपल्याच पायावर धोंडा पाडून राहिली. पण बाया येतात ना फोन घेऊन, मॅडम तेवढा बलून सोडून द्या म्हणतात. नकाशावरचा तो लाल ठिपका हो—बरोबर आपल्या घराच्या छतावर सोडा लागते, मंग कम्प्युटर पाहते, शाळा एक किलोमीटरच्या आत आहे का नाही. शरच्चंद्र टेलरनं मोठ्या ऐटीत स्वतःच सोडला, तं बलून जाऊन पडला नाग नदीत. कम्प्युटरनं त्याले नदीतला रहिवासी ठरवलं अन् भलत्याच शाळा दाखवल्या. तुमचा मी सोडला. बोट जरा अडखळून राहिलं होतं, पण सोडला, नेमका तुमच्या टिनावर.

अडखळत काहून होतं? अहो, साधं गणित आहे. ती शाळा तुमच्याकडून फी घेत नाही, पोरीच्या वाटची सरकार देते. देते म्हणजे—कधी ना कधी देते, तिथले संचालक भेटले का रडगाणंच गातात. इकडं सरकारले वाटते, चला, एक लेकरू तिकडं गेलं, इथला खर्च वाचला. कसा वाचते? सोनिका गेली म्हणून माह्या वर्गातला पंखा कमी फिरते का? बिल्डिंग तितकीच, चपराशी तितकाच, माहा पगार तितकाच—वाचली काय, तं एका पोरीची खिचडी. म्हणजे पैसा दोन्हीकडं जाते. मंग मागं कोणाच्या तरी डोक्यात आलं, का जिथं सरकारी शाळा जवळ आहे तिथं खाजगीत जागा द्यायचीच नाही. पाहा आता—माही शाळा इथं उभी आहे, एवढ्याच गुन्ह्यापायी तुमच्या पोरीचं दार बंद. कोर्टानं उडवला तो नियम, बरं झालं. मी पेढे वाटले का? नाही वाटले. बरं झालं म्हणणं वेगळं अन् पेढे वाटणं वेगळं.

मंग सरकार काय करते? पट मोजते. लेकरं कमी झाले का मास्तर कमी करते. मास्तर कमी झाले का माय-बाप म्हणतात, इथं शिकवते कोण—अन् लेकरं आणखी कमी. कुत्रं आपल्याच शेपटीमागं फिरते तसं. गेल्या साली आमच्या नूपुर मॅडमले उचललं, शहराच्या त्या टोकाले पाठवलं. यंदा पहिली भरली नाही तं शाळाच दुसरीत विलीन, रिंग रोडच्या पलीकडं. एवढुशे लेकरं तो रोड ओलांडतीन? म्हणून म्हणते, तुम्ही आले ते देवासारखे आले. सोनिका राहिली तं तिच्या मैत्रिणी राहतीन, गल्लीतले लोक तुमच्याकडं पाहूनच ठरवतात. एका पोरीनं शाळा वाचते, भाऊ.

काय? ड्रेस, बूट, व्हॅन—हो, ते सारं खिशातून, ते कोणी देत नाही. अन् तिथं मोठ्या घरच्या लेकरात बुजून जाईन म्हणता? कोण, सोनिका? अहो बालवाडीतली पोरगी, सीताबर्डीच्या सगळ्या पाट्या वाचत जाते. परवा मले विचारते, मॅडम, कपड्याच्या दुकानावर 'सेल' लिहिलं होतं, मंग आत घड्याळाचे सेल काहून नव्हते? ती बुजन? पण इथं तरी काय कमी आहे तिले? पुस्तकं फुकट, खिचडी गरम, अन् शिकवाले मी आहे ना. पहिलीले मीच. दुसरीले पण मीच. तिसरी-चौथीले—म्हणजे एकाच खोलीत बसवते सगळ्यायले, फळ्याचे चार भाग पाडते. अन् मी मतदार यादीच्या कामाले गेली का चौथीतली एक पोरगी पहिलीचे पाढे घेते, छान घेते. रोज नाही जात मी. जनगणनेचं आहे यंदा, त्याचं ट्रेनिंग, मंग ऑनलाइन माहिती भरणं, झोन ऑफिसच्या मीटिंगा—

काय म्हणत होती मी? हां. शिकवाले मी आहे, असं म्हणत होती.

नाही, पाणी नको. म्हणजे तुमची पोरगी फळ्याच्या एका कोपऱ्यासमोर बसन, अन् मी घरोघरी फिरून माणसं मोजीन, असंच ना? अन् पट भरला म्हणून वरच्या ऑफिसात माही पाठ थोपटतीन. भाऊ, शाळा वाचवणं सोनिकाचं काम नाही. माह्यं आहे, महापालिकेचं आहे, त्या मंत्रालयात बसून नियम काढणाऱ्यायचं आहे. सहा वर्षाच्या पोरीच्या खांद्यावर अख्खी शाळा ठेवून राहिली होती मी, अन् वरून तुम्हाले देवमाणूस म्हणून राहिली. लाज वाटून राहिली मले.

उठा. सोनिकाच्या मम्मीले फोन करा, कागदं घेऊन सरळ त्या शाळेतच ये म्हणा. बुटाचं पाहू काय ते. मले वाईट वाटते का—वाटते, खूप वाटते, पण तुम्ही उठा. बसू नका आता, अश्विनभाऊ. मी पुन्हा बोलाले लागली तं पोरीले इथंच ठेवून घेईन. जा.