मोठ्या टीव्हीला मोठी लाइन

चिडू नको तर काय करू, सांगा! बेंगळुरात केबल नवीनच आली होती तेव्हा. आईला कमी दिसायचं म्हणून मी एकोणतीस इंची टीव्ही आणला, तर त्यात नुसत्या मुंग्या!

केबलवाला मंजण्णा म्हणाला, “मोठ्या टीव्हीला मोठी लाइन लागते, सर. नवं कनेक्शन घ्या.”

मी त्याच्यादेखत जुना चौदा इंची टीव्ही लावला. त्यातही मुंग्याच!

“मग याला काय छोटी लाइन हवी?”

“स्वल्प थांबा, बघतो,” म्हणून गेला तो आठवडाभर फिरकला नाही. आई बिचारी पडद्याला नाक लावून बसायची.

शेवटी तावातावानं त्याचं घर गाठलं. दार बायकोनं उघडलं. मी तोंड उघडायच्या आत तिनं घरातल्या टीव्हीवरच्या मुंग्या दाखवल्या.

“अण्णा, आमच्या ह्यांना तुम्हीच झापा. माझं ऐकतच नाहीत!”