गोळीविना जिंकलेल्या मॅच

दोहा शहरातल्या मुशैरिब भागातल्या दवाखान्यात नुपूरशेजारी एक मराठी जोडपं नंबराची वाट पाहत होतं.

“अहो, तुमच्या बीपीच्या गोळ्या तुळशीच्या कुंडीत सापडल्या मला.”

“पहिल्या हॉकी मॅचला गोळी विसरलो आणि आपल्या भारताच्या मुली जिंकल्या, अलका. मग पुढच्या दोन्ही मॅचना मुद्दाम टाळली. उद्या हरल्या तर वर्ल्ड कप खलास!”

“टाळली कसली? मी कुटून ताकातून देत होते.”

नुपूरने मोबाइल खाली ठेवला.

“तिन्ही मॅचना?” वसंतरावांनी बायकोकडे वळून विचारलं.

“तिन्ही.”

“म्हणजे जिंकलो ते ताकातल्या गोळीने! उद्याही घाल. फक्त मला कळू देऊ नकोस.”

“आता तर कळलं ना.”

वसंतरावांचा चेहरा पांढराफटक पडला.

“अगं, एक दिवस थांबायचंस!”