पतंग कधी जागतात

दातांच्या दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर एक आई आणि तिची संशोधक मुलगी नंबराची वाट बघत होत्या. मुलगी बाहेर जाऊन फोनवर बोलून आली आणि बसायच्या आधीच म्हणाली,

"आई, सरांनी मानलं."

"म्हणजे तुझे ते दिव्यावरचे पतंग खरंच दिवसा उडतात?"

"उडतात. एकच जनुक बदललं, आणि रात्रीचे पतंग दिवसाचे झाले."

"मग मागच्या वेळी का नाही म्हणाले?"

"म्हणाले, पतंग ठेवलेल्या कपाटाच्या फटीतून उजेड शिरला असेल, त्यानं जागे झाले असतील. म्हणून या खेपेला सगळ्या फटी बुजवल्या, त्यांची हालचाल मोजणाऱ्या यंत्राच्या लुकलुकत्या दिव्यावरही काळी पट्टी चिकटवली. आत मिट्ट काळोख. तरी बाहेर उजाडलं की हे फडफडायला लागायचे, आणि शेजारच्या डब्यातले साधे पतंग ढिम्म."

"उजेडच नाही, तर त्यांना कळतं कसं?"

"त्यांच्या अंगातच घड्याळ असतं, जन्माबरोबर आलेलं. त्याला कोण काय वळण लावणार?"

"हे सरांना पटलं?"

"पटलं. आता छापायला पाठवू म्हणाले."

"मग आधी तुझ्या आजीला फोन लाव. लहानपणी तू रात्रभर जागायचीस आणि दुपारपर्यंत लोळायचीस, तर चारचौघांत मला ऐकवायच्या, आईनं वळण लावलं नाही म्हणून."

"अगं, पण हे पतंगांचं आहे. माणसांचं अजून कुणी..."

"ते त्यांना आज नको सांगूस. लाव फोन, आणि स्पीकरवर ठेव."