गुरुवार की शनिवार

हेमांगी : आई, तुझं पोट कापतील तेव्हा तू जागी असणार का? वर्गातल्या कादंबरीने डेअर दिलंय. उत्तर आणलं नाही तर उद्या कँटीनमध्ये सगळ्यांना समोसे मी खिलवायचे.

आई : आधी ती दुपटी बॅगेत नीट रच. परवा ऑपरेशन आहे आणि बॅग अजून अर्धी. हो, जागी असणार, बिल्कुल.

हेमांगी : ई. मग सगळं दिसणार?

आई : छातीपाशी पडदा लावतात गं. मला दिसेल छत आणि तुझ्या बाबाचं घाबरलेलं तोंड. पलीकडचं जे काही ते रेवती डॉक्टरांना.

हेमांगी : आणि दुखणार नाही?

आई : पाठीत इंजेक्शन देतात, मणक्यात. मांजरीसारखी पाठ वाकवून बसायचं, हलायचं नाही. मग कमरेखालचं सगळं झोपतं, वरचं जागं. दुखत नाही, पण ओढाताण कळते म्हणे. कुणीतरी आपल्या पोटाची पर्स उघडून किल्ली शोधतंय, तशी.

हेमांगी : यार आई, हे सांगितलं तर कादंबरी लग्नच करणार नाही.

आई : मग टाक्यांचं सांगू नकोस. दुसऱ्याच दिवशी नर्स उठवून चालायला लावते. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची. आणि हसायचं तर नावच नाही. तू हॉस्पिटलात गंभीर राहायचंस.

हेमांगी : त्यापेक्षा मला आत्याकडेच पाठव. माझ्या वेळी पण असंच झालं?

आई : तुझ्या वेळी काही ठरलेलंच नव्हतं. तुझे ठोके मंदावले, मला धावत आत नेलं, पूर्ण भूल दिली. जागी झाले तोवर आजी, आत्या, शेजारच्या भाभी, वॉर्डातल्या आयाबाया, सगळ्यांनी तुला बघून घेतलं होतं. नाक कुणाचं, यावर भांडूनही झालं होतं त्यांचं.

हेमांगी : आणि तू?

आई : मी सगळ्यांत शेवटी. म्हणून या वेळी डॉक्टरांना सांगून ठेवलंय, बाळ रडलं की पुसायचं आणि सरळ माझ्या छातीवर. आधी मी, मग जग. त्या म्हणाल्या, बाळ ठीक असलं तर पक्कं.

(बाबा शहाळी घेऊन आत येतो.)

बाबा : उपासाचं लक्षात आहे ना, देवयानी? उद्या रात्री हलकं जेवण, मग काही नाही, पाणीसुद्धा विचारून. आणि समजा शनिवारी झालं, तर हेच शुक्रवारी.

आई : शनिवार कुठून आला?

बाबा : आला नाही. अण्णांनी काढलाय.

हेमांगी : अच्छा, आजोबांनी बाळाचा मुहूर्त काढला?

बाबा : नाशकात बसून तीन पंचांगं चाळली त्यांनी. शनिवारी संध्याकाळी. त्या वेळचं मूल कलेक्टर होतं म्हणे.

हेमांगी : तू कुठल्या मुहूर्तावर झालास?

बाबा : मी आपला आपणच झालो. म्हणून तर अजून सेक्शन ऑफिसर.

आई : सुधन्वा, अण्णांना काय सांगितलंस?

बाबा : ‘बघतो’ म्हटलं.

आई : आणि डॉक्टरांना, गुरुवारचं?

बाबा : ‘हो’ म्हटलं.

आई : मग अण्णांनी त्या ‘बघतो’चं काय केलं?

बाबा : रिझर्वेशन केलं. शनिवारी दुपारी निझामुद्दीन स्टेशनला उतरताहेत.

हेमांगी : बाबा, हे ऑफिस नाहीये यार. दोन फायलींवर सही करून दोन्ही कपाटात नाही ठेवता येत. बाळ एकदाच येणार.

बाबा : म्हणून तर आज हॉस्पिटलात विचारून आलो. शनिवार जमतोय. फक्त रेवती डॉक्टर तेव्हा बाहेरगावी आहेत. ड्यूटीवर असतील ते करतील. चांगलेच असतात गं सगळे.

आई : असतील ना. पण माझं ते छातीवर ठेवायचं त्यांना कोण सांगणार? मी तिथे आडवी असेन रे. तेव्हा मला भांडता येणार नाही.

बाबा : कळतंय मला. पण अण्णांना ‘नाही’ म्हणायचं म्हणजे... आजवर कधी म्हटलंच नाही. जीभच वळत नाही.

आई : दे फोन, मीच सांगते.

बाबा : तू नको. तू सून. तुला ते काही बोलणार नाहीत, आणि मग वर्षभर बोलणारच नाहीत.

आई : मग?

बाबा : बघतो.

हेमांगी : चलो, झालं तुमचं? आता ऐका दोघं. आजोबांना मी फोन करतेय, आत्ता, स्पीकरवर. सांगणार आहे, बाळ गुरुवारी येतंय, कारण आईच्या डॉक्टर गुरुवारी आहेत. पंचांग घेऊन बसले तर तू जे मला सांगितलंस तेच त्यांना सांगेन, आई. तू मला सगळ्यांत शेवटी बघितलंस, ते त्यांना कुणी सांगितलंच नसेल. बाबा, तू शेजारी बस, पण मध्ये बोलू नकोस. आणि रागावले तर माझ्यावर रागावू देत. मला चालेल.