खोटा होकार

(भर दुपार. पत्रिका छापण्याच्या दुकानाची मागची खोली. वहिनी आणि तिचा दीर कॉम्प्युटरसमोर.)

दीर: माउसवरचा हात काढा, वहिनी.

वहिनी: कधीच काढलाय. तरी बाण फिरतोय ना? रोज याच वेळेला येतात तुमचे दादा.

दीर: दादाला जाऊन चार महिने झाले.

वहिनी: मला सांगताय होय? आधी आमच्या लेकीचे, छोटीचे फोटो उघडतात. मग कोऱ्या पानावर लिहितात, 'अगं, जेवलीस का?' पहिल्या दिवशी मी विचारलं, तुम्हीच ना? 'हो' आलं. तासभर रडले हो मी.

दीर: हा दादा नाही. चूक माझी आहे, ऐकून घ्या. दादा म्हणाला, हा लिहायचा प्रोग्राम विकत कशाला घ्यायचा, तू आहेस ना. म्हणून तो पैसे न भरता चालवणारं फुकटचं टूल मी घातलं. प्रोग्राम अधूनमधून कंपनीच्या मशीनला विचारतो, मी अस्सल आहे ना? हे टूल इथंच, आतल्या आत, कंपनी बनून बसतं आणि हो म्हणतं. सहा महिन्यांनी परत प्रश्न, परत हो.

वहिनी: मग बिघडलं कुठं?

दीर: अँटिव्हायरस अशी टूल्स पकडतो. म्हणून तो बंद केला आणि चालू करायचं राहूनच गेलं. टूलसोबत कुणीतरी स्वतःसाठी चोरवाट सोडून ठेवली होती. आता तो केव्हाही येतो, बघतो, लिहितो.

वहिनी: परका माणूस मला 'अगं' कसा म्हणेल?

दीर: दादाची पत्रं यातच आहेत. वाचली असतील.

वहिनी: असेल कुणी. पण बंद नका करू. मला कोण विचारतंय हो जेवलीस का म्हणून? थांबा, लिहितायत बघा. 'शेजारी कोण बसलंय?'

दीर: कॅमेऱ्यातून दिसतोय मी त्याला. दादानं मला ओळखलं नसतं, वहिनी?

वहिनी: (कॅमेऱ्यावर पदर टाकते.)

दीर: अजून काय काय विचारलं यानं?

वहिनी: घरी कोण असतं. छोटीची शाळा कधी सुटते, कुठल्या रस्त्यानं येते. मला वाटलं, तिकडं गेल्यावर माणूस विसरत असेल. सगळं सांगून बसले.

दीर: इंटरनेटची वायर काढतोय मी.

वहिनी: काढा.

दीर: काढली. बाण थांबला बघा.

वहिनी: साडेचारला सुटते ती. तुम्ही जाता का, भावोजी? मी शाळेत फोन करते, तिला एकटीला सोडू नका म्हणून.